राबाईचें गांव आणि शरणपूरचीं मुलें

नाशिक शहरांत शरणपूर रोड या नांवाचा एक मोठा रस्ता आहे. त्या रस्त्यावरून रोज असंख्य माणसें जातात-येतात. कोणी कचेरीला, कोणी शाळेला, कोणी बाजाराला. परंतु हें शरणपूर म्हणजे काय, तेथें शरण कोण आलें होतें आणि कोणाच्या भयानें आलें होतें, हा प्रश्न त्यांपैकीं किती जणांच्या मनांत येत असेल? दुसऱ्यांस नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं. मीं स्वतः आयुष्याचीं पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास आणि भूगोल शिकविला. आफ्रिकेचा नकाशा भिंतीवर टांगावा, किलिमांजारो पर्वतावर छडी ठेवावी आणि 'हा पर्वत युरोपियनांपैकीं प्रथम कोणीं पाहिल्याची नोंद आहे?' असें विचारावें. मुलांनीं 'रेबमान, १८४८' असें एका सुरांत उत्तर द्यावें, आणि मीं पुढच्या धड्याकडे वळावें, असा माझा क्रम होता. हा रेबमान ज्या खेड्यांतून निघाला आणि ज्या खेड्यांत परत आला, त्याचें नांव मीं कधीं सांगितलें नाहीं. त्या खेड्याचें काम पुढें ज्यांनीं चालविलें, त्यांच्यांतील कित्येक आपल्या नाशिकांत लहानाचे मोठे झाले होते, हें तर मला पेन्शन घेतल्यावरच समजलें. श्रोतेहो, आजचें भाषण म्हणजे एका शिक्षकानें आपल्या राहून गेलेल्या धड्याची केलेली भरपाई आहे.

तें खेडें म्हणजे राबाई. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या केनिया देशांत, मोंबासा हें बेटावर वसलेलें प्राचीन बंदर आहे. खाडी ओलांडून वायव्येस दहा-बारा मैल गेलें कीं जमीन चढूं लागते आणि मिजिकेंडा लोकांचा डोंगराळ मुलूख लागतो. मिजिकेंडा म्हणजे नऊ वस्त्या. या नऊ जमातींपैकीं प्रत्येकीचें मूळ गांव दाट अरण्याच्या आंत, तटबंदी करून वसविलेलें असे. त्यास ते लोक 'काया' म्हणतात. आपल्याकडील देवराईंत कुऱ्हाड लावीत नाहींत, तशीच या कायांच्या अरण्यांतहि लावीत नसत. पूर्वजांचीं थडगीं तेथें, वृद्धांची पंचायत तेथें, शपथा आणि पर्जन्यासाठीं प्रार्थना तेथें. या अरण्यांना २००८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें आहे. तात्पर्य, राबाईचें गांव म्हणजे कांहीं ओसाड रान नव्हतें. त्याला स्वतःचा धर्म होता, कायदा होता आणि वडीलधारी माणसें होतीं.

या गांवीं १८४६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत दोन जर्मन पाद्री येऊन राहिले. एक योहान लुडविग क्राफ आणि दुसरा योहानेस रेबमान. दोघेही जर्मनीच्या वुर्टेंबर्ग प्रांतांतील, परंतु इंग्लंडांतील चर्च मिशनरी सोसायटीच्या सेवेंत होते. क्राफ हा आधीं हबसाणांत होता. तेथील काम बंद पडल्यावर १८४४ सालीं तो पत्नीसह मोंबासास आला. त्या वेळीं हा किनारा झांजीबारच्या सुलतानाच्या सत्तेखालीं होता. मोंबासास पाऊल ठेवून दोन-तीन महिने होतात न होतात तोंच त्याची पत्नी आणि नुकतीच जन्मलेली मुलगी तापानें मरण पावली. तो स्वतःहि मरणाच्या दारांतून परत आला, पण देश सोडून गेला नाहीं. दोन वर्षांनीं रेबमान येऊन मिळाला आणि राबाईच्या वृद्धांनीं राहण्यास जागा दिली. दोघेही तापानें हैराण झालेले असतांनाच त्यांनीं तेथें संसार मांडला.

पुढील कांहीं वर्षांत या दोघांनीं जें ज्ञान मिळविलें तें जगप्रसिद्ध आहे. मे १८४८ मध्यें रेबमाननें किलिमांजारोचें बर्फाच्छादित शिखर पाहिलें. डिसेंबर १८४९ मध्यें क्राफनें केनिया पर्वत पाहिला. विषुववृत्ताजवळ बर्फ असूं शकतें हें लंडनमधील भूगोलपंडितांस पटेना. कधीं आफ्रिकेंत पाय न ठेवलेल्या कूली नांवाच्या विद्वानानें तर या बातमीची भर छापील मजकुरांत टर उडविली! क्राफनें १८५० सालीं स्वाहिली भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. रेबमाननें न्यासा सरोवराकडील भाषेचा कोश तयार केला. त्यासाठीं शब्द सांगणारा मनुष्य सालिमिनी नांवाचा, त्या दूरच्या मुलखांतून धरून आणलेला एक गुलाम होता. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. विद्येच्या या थोर कामांतसुद्धां गुलामगिरी उंबऱ्यावर येऊन बसलेली होती.

परंतु ज्या कामासाठीं हे पाद्री आले होते, त्याची कथा वेगळी आहे. पहिला बाप्तिस्मा झाला तो म्रिंगे नांवाच्या एका अपंग मनुष्याचा, तोहि मरणशय्येवर. क्राफ १८५३ सालीं प्रकृति खालावल्यामुळें स्वदेशीं परतला. रेबमान मात्र राहिला. एक नाहीं, दोन नाहीं, एकोणतीस वर्षें, मध्यें एकदांहि घरीं न जातां. बायको तेथेंच वारली, दृष्टि तेथेंच गेली. आणि एवढ्या तपानंतर त्याच्या भोंवतीं जमलेले ख्रिस्ती लोक बोटांवर मोजण्याइतकेच होते. याचें कारण काय? गांवानें त्याचा द्वेष केला नाहीं. त्याला राहूं दिलें, त्याचें ऐकून घेतलें. परंतु जो नवा मार्ग स्वीकारावयाचा त्यासाठीं काया सोडावी लागे, पूर्वज सोडावे लागत, म्हणजे आपल्या माणसांतून उठावें लागे. ज्याला घरदार आहे तो मनुष्य असा सहजासहजीं उठत नाहीं. ज्यांचें घरदार आधींच हिरावून घेतलें गेलें होतें, तीं माणसें राबाईस यावयाचीं होतीं, आणि तीं येणार होतीं आपल्या नाशिकाहून.

आतां थोडा वेळ आपण समुद्राकडे वळूं. त्या काळीं न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखांतून माणसें धरून किनाऱ्याकडे आणण्याचा धंदा जोरांत चालूं होता. काफिले किल्व्यासारख्या बंदरांत उतरत. तेथून झांजीबारच्या बाजारांत, लवंगांच्या मळ्यांत किंवा गलबतांतून अरबस्तानाकडे हीं माणसें विकलीं जात. या व्यापारास भांडवल पुरविणाऱ्यांत आपल्या देशांतील पेढ्याहि होत्या, हें कबूल केलें पाहिजे. झांजीबारच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षें जयराम शिवजी या कच्छी पेढीकडे होता. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती जहाजांनीं गुलाम वाहून नेणारीं गलबतें पकडावयास सुरुवात केली तेव्हां एक प्रश्न उभा राहिला. सोडविलेल्या लहान मुलांचें करावयाचें काय? त्यांना परत पाठवावें तर गांव जळालेलें, वाट पुसलेली, आणि पुन्हां पकडले जाण्याचें भय. म्हणून अशीं कित्येक मुलें मुंबईस उतरविण्यांत आलीं.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं १८५० नंतरच्या दशकांत शरणपूर नांवाची वसाहत स्थापिली होती. तेथें १८६० च्या सुमारास या आफ्रिकन मुलांसाठीं आश्रम उघडला. मुलांना लिहिणें-वाचणें शिकवीत, त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हाताचे धंदेहि शिकवीत. दहा-बारा वर्षांचें पोर, बेडी सुटून बोटींतून उतरलेलें, गोदावरीच्या कांठीं भात्याशीं बसून लोखंड तापवावयास शिकत आहे, हें दृश्य डोळ्यांपुढें आणा. आईनें ठेवलेलें नांव बहुतेकांचें गेलें. नवीं नांवें मिळालीं, जॉर्ज, विल्यम, इश्माएल, जेकब, मॅथ्यू. आईची बोली अंधुक झाली, आणि कानांवर पडूं लागलीं तीं इंग्रजी, हिंदुस्थानी आणि बाजारांतील मराठी.

राबाईस एकटा पडलेल्या रेबमानच्या मदतीसाठीं १८६४ सालीं यांच्यांतील कांहीं तरुण सपत्नीक पाठविण्यांत आले. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हीं त्यांतील प्रमुख नांवें. पहिला अनुभव सुखाचा झाला नाहीं. रेबमान वयानें आणि एकांतवासानें कठोर झालेला. त्याला या शहरी वळणाच्या, युरोपियन पोषाख करणाऱ्या तरुणांवर भरंवसा ठेवणें जड गेलें. गांवकऱ्यांसहि ते परकेच वाटले. रंग एक, पण भाषा वेगळी, जेवण वेगळें, देव वेगळा. आपण परत मायभूमीला आलों अशी आशा धरून ते आले असतील, तर मायभूमि म्हणजे नुसता खंड नव्हे, तें एक विशिष्ट गांव असतें, आणि तें गांव येथून शेंकडों मैल दूर होतें, हें त्यांना येथेंच कळलें असेल.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या. पहिली लिव्हिंग्स्टनची. या प्रवाशाचा १८७३ सालीं आफ्रिकेच्या मध्यभागीं अंत झाला. त्याच्या नोकरांनीं त्याचा देह वाळवून, लपवून, कित्येक महिने पायीं चालून किनाऱ्यास पोंचविला. त्या मंडळींत नाशिकांत शिकलेले तरुण होते. जेकब वेनराइट यानें लिव्हिंग्स्टनचें नांव झाडावर कोरलें आणि एप्रिल १८७४ मध्यें लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमधील अंत्यविधीस तो हजर होता. या प्रसंगानें इंग्लंडांतील लोकांचें लक्ष पूर्व आफ्रिकेकडे वेधलें. दुसरी गोष्ट सर बार्टल फ्रिअर यांची. हे गृहस्थ पूर्वीं साताऱ्याचे रेसिडेंट आणि पुढें मुंबईचे गव्हर्नर होते. शरणपूर त्यांना ठाऊक होतें. गुलामांचा व्यापार थांबविण्यासाठीं सरकारनें त्यांना १८७२ सालीं झांजीबारला पाठविलें आणि पुढील वर्षीं जून महिन्यांत सुलतान बर्गश यानें तहावर सही केली. शरणपूरसारखीच वसाहत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर करावी, अशी सूचना फ्रिअर यांनीं केली.

तें काम प्राइस यांच्याकडे आलें. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासास पोंचले. राबाईस जाऊन पाहतात तों रेबमान अंध झालेला. पुढील वर्षीं तो जर्मनीस परतला आणि १८७६ सालीं वारला. प्राइस यांनीं मोंबासासमोर जमीन घेऊन फ्रिअरटाउन ही वसाहत वसविली. हिंदुस्थानांतून सुमारें दीडशें आफ्रिकन स्त्री-पुरुष तेथें येऊन दाखल झाले. जें शरणपूरला शिकले होते तेंच येथें उपयोगी पडलें. घरें बांधणें, लांकूड कापणें, लोखंड घडणें, मुलांना अक्षरें शिकविणें, नव्यानें सुटून आलेल्या भेदरलेल्या माणसांना धीर देणें, हीं कामें त्यांनीं अंगावर घेतलीं. गुलाम पकडणारे आले तर इशारा देण्यासाठीं तेथें एक घंटा टांगलेली असे. राबाईचें जुनें ठाणेंहि पुन्हां गजबजूं लागलें. रेबमानला जें एकोणतीस वर्षांत साधलें नव्हतें, तें थोड्याच वर्षांत कसें साधूं लागलें, याचें उत्तर मिजिकेंडांच्या धर्मांतरांत नाहीं. ते अजूनहि थोडेच येत. येणारे दुसरेच होते.

किनाऱ्यावरील मळ्यांतून गुलाम पळून येऊं लागले होते. रात्रीच्या वेळीं, झाडींतून, कधीं पायांत तुटलेली सांखळी घेऊन. गुलामांचा समुद्रावरील व्यापार तहानें बंद झाला होता, परंतु किनाऱ्यावर गुलाम बाळगणें कायदेशीरच होतें. पळालेला मनुष्य म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें चोरलेली वस्तु. त्याला ठेवून घ्यावें तर मोंबासाचे मालक हत्यारें घेऊन चालून येण्याच्या धमक्या देत. ब्रिटिश वकील बजावीत, सुलतानाच्या राज्यांत तुम्हीं त्याच्या प्रजेची मालमत्ता ठेवूं नये. त्याला परत द्यावें तर ज्या शिकवणुकीसाठीं आपण येथें आलों तिचा अर्थ काय उरला? युरोपियन पाद्री या पेचांत कधीं इकडे, कधीं तिकडे झाले. परंतु राबाईचा बराच कारभार ज्याच्या हातीं आला होता तो विल्यम जोन्स स्वतः लहानपणीं विकला गेलेला होता. दारांत उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून त्याला पुस्तक उघडण्याची गरज नव्हती. राबाईचीं झोंपडीं वाढत गेलीं, शेतें वाढत गेलीं, शाळेंतील मुलें वाढत गेलीं.

१८८५ सालीं बिशप हॅनिंग्टन यांनीं जोन्स व सेम्लर या दोघांस डीकनची, म्हणजे धर्मोपदेशकाची पहिली, दीक्षा दिली. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत बिशप दोनशेंवर हमाल घेऊन युगांडाकडे निघाले, तेव्हां जोन्स त्यांच्या बरोबर होता. निम्म्याहून अधिक वाट चालून गेल्यावर बिशपांनीं मोठा तांडा जोन्सच्या स्वाधीन करून त्याला मागें ठेवलें आणि पन्नास माणसांसह ते पुढें गेले. ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगा प्रांतांत बिशपांचा आणि त्यांच्या बहुतेक सोबत्यांचा वध झाला. जोन्स वाट पाहत राहिला. बचावलेल्या तुरळक माणसांनीं बातमी आणली, तरी खात्री होईपर्यंत तो हलला नाहीं. मग ती सारी मंडळी त्यानें शेंकडों मैल चालवून फेब्रुवारी १८८६ मध्यें राबाईस सुखरूप आणिली. तांड्याच्या अग्रभागीं निळी पताका होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच हिब्रू शब्द, 'इखाबोद', म्हणजे वैभव गेलें. बिशपांचें नांव हुतात्मा म्हणून साऱ्या ख्रिस्ती जगांत दुमदुमलें. दोन-अडीचशें माणसांपैकीं मागें राहिलेल्यांना जिवंत घरीं आणणारा मनुष्य मात्र चरित्रग्रंथांच्या एखाद-दुसऱ्या पानावर राहिला.

राबाईची खरी कसोटी १८८८ सालीं लागली. किनाऱ्याचा कारभार इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीकडे आला. मालकांनीं आपले गुलाम परत मागितले. प्रकरण हातघाईवर येणार असा रंग दिसूं लागला. मिशनच्या गांवांतील पळपुट्यांची मोजणी झाली तेव्हां संख्या अपेक्षेहून फार मोठी निघाली; चौदाशेंहून अधिक, आणि त्यांतील बहुसंख्य एकट्या राबाईचे! कंपनीचे अधिकारी जॉर्ज मॅकेंझी यांनीं मार्ग काढला: मालकांस दर डोई रक्कम देऊन हक्क सोडावयास लावावयाचें. १ जानेवारी १८८९ रोजीं राबाईस या लोकांना मुक्ततेचे कागद वांटण्यांत आले. प्राइस हे म्हातारपणीं पुन्हां आफ्रिकेस आलेले होते आणि त्या वेळच्या धामधुमींत ते तेथें होते. शरणपूर वसविणाऱ्या गृहस्थाला हा दिवस पाहावयास मिळाला, ही इतिहासांत क्वचित् जुळून येणारी गोष्ट होय.

पण श्रोतेहो, शिक्षकानें हिशेब पुरता मांडावा. मोबदला मिळाला तो मालकाला. ज्याची पाठ फोडली गेली त्याला मिळाला कागद. आणि किनाऱ्यावर गुलामगिरीची कायदेशीर मान्यता रद्द व्हावयास त्यानंतर १९०७ साल उजाडावें लागलें.

दुसरी नोंद अधिक कडू आहे. ज्या वसाहती मुक्तीसाठीं निघाल्या, तेथेंहि मारहाण शिरली. फ्रिअरटाउनच्या युरोपियन व्यवस्थापकानें लोकांना फटके मारविल्याबद्दल आणि कोंडून ठेविल्याबद्दल १८८१ सालीं ब्रिटिश वकिलातीकडून चौकशी झाली आणि पुढें त्यास तें स्थान सोडावें लागलें. नाशिकच्या मंडळींनींच या कारभाराविरुद्ध तोंड उघडलें होतें. तींच माणसें पुढें वेतनांतील आणि मानांतील भेदहि सोशीत राहिलीं. विलायतेहून नवा आलेला, भाषा न जाणणारा तरुण पाद्री वीस वर्षें काम केलेल्या जोन्सचा वरिष्ठ होई. प्राइस यांच्यासारख्यांनीं त्यांना माणूस म्हणून वाढविलें. पण संस्था जसजशी मोठी झाली तसतसें तिला मदतनीस हवे झाले, बरोबरीचे नको झाले. परोपकाराच्या कामाला लागणारी ही कीड फक्त त्या काळची किंवा त्या धर्माची आहे असें मला वाटत नाहीं. आपल्याकडील वसतिगृहें, अनाथगृहें आणि शाळा पाहिलेल्या माणसाला ती ओळखीची आहे. जो मदत घेतो त्यानें सदैव कृतज्ञ राहावें आणि खालींच बसावें, अशी अपेक्षा आपण सारे मनाशीं बाळगून असतों.

या मंडळींतील मॅथ्यू वेलिंग्टन, जो लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांत होता, तो फार दीर्घायुषी ठरला. त्याचा मृत्यु मोंबासास १९३५ सालीं झाला. त्याच्या आदल्या वर्षीं, १९३४ मध्यें, मुक्त गुलामाचा मुलगा जेम्स म्बोटेला यानें गुलामांच्या मुक्तीविषयीं स्वाहिली भाषेंत पुस्तक प्रसिद्ध केलें. म्हणजे नातवंडांना सांगावयाची गोष्ट त्या वसाहतींतल्या माणसानें अखेर स्वतःच्या लेखणीनें लिहिली. राबाईंतील जुनें प्रार्थनामंदिर आज संग्रहालय झालें आहे. तेथें क्राफचें नांव आहे, रेबमानचें नांव आहे, आणि तें योग्यच आहे; एवढे हाल सोसून टिकून राहणें लहान गोष्ट नव्हे. परंतु ते दोघे गेले तेव्हां त्यांच्या मागें कोश होता, नकाशा होता आणि दोन-चार माणसें होतीं. गांव उभें राहिलें तें पुढें, ज्यांना स्वतःचें गांव उरलें नव्हतें त्यांच्या हातांनीं.

माझ्या वर्गांतील तो जुना नकाशा आतां फाटून गेला असेल. आज पुन्हां त्याच्यापुढें उभें राहण्याची वेळ आली, तर छडी प्रथम आफ्रिकेवर ठेवणार नाहीं. ती ठेवीन नाशिकवर. मग मुंबई, मग समुद्रावरून मोंबासा, मग खाडीपलीकडील राबाई. आणि मुलांना विचारीन, या वाटेनें कोण गेलें? उत्तर येईपर्यंत थांबेन. किलिमांजारो कोठें पळून जात नाहीं. तो शेवटीं दाखविला तरी चालेल.